जुनी पॉलिसी रद्दीत घालू नका, जमिनीच्या सफाईचा खर्च तिच्यातून निघू शकतो

आमच्या काकांनी अमेरिकेत न्यू जर्सीत १९७८ ते १९९१ ड्राय क्लीनिंगचं दुकान चालवलं, मग पुण्यात परत आले आणि जागा भाड्याने देऊन ठेवली. विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेने माती-पाण्याची तपासणी मागितली आणि भूजलात पर्क सापडलं, म्हणजे परक्लोरोएथिलीन, कपडे साफ करायचं सॉल्व्हंट. तिथल्या १९८० च्या सुपरफंड कायद्याखाली (दूषित जागांच्या सफाईचा कायदा) घाण कितीही जुनी असली तरी सफाईच्या खर्चासाठी मालकाला धरता येतं. काकांची झोपच उडाली. पुण्यात बऱ्याच घरांत कुणी ना कुणी तिकडे पंप, मोटेल, वर्कशॉप घेऊन बसलेलं असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मुख्य गोष्ट ही की इन्शुरन्स पॉलिसीची मुदत संपली म्हणजे ती मेली असं नसतं. तिकडच्या धंद्याच्या जुन्या जनरल लायबिलिटी पॉलिसी (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या) ऑकरन्स बेसिसवर असायच्या, म्हणजे नुकसान ज्या वर्षी झालं त्या वर्षीची पॉलिसी बघायची, क्लेम आज आला तरी. १९८६ पासून स्टँडर्ड फॉर्ममध्ये प्रदूषण जवळपास पूर्ण वगळलं, त्यामुळे त्याआधीचे कागद म्हणजे सोनं. १९७३ ते ८६ च्या पॉलिसीत 'अचानक आणि अपघाताने' झालेलंच प्रदूषण चालेल असा क्लॉज असतो, तो बघून लगेच हात टेकू नका, राज्याराज्यात कोर्टांनी वेगवेगळे निकाल दिलेत आणि न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये तो शब्दशः लावायला नकार दिला.

आता पॉलिसी सापडायची कशी? काकांकडे एकही नव्हती. कोथरूडच्या घरी माळ्यावर एक ट्रंक होती, जी काकू दर दिवाळीला रद्दीवाल्याला द्यायला निघायच्या आणि काका दर दिवाळीला अडवायचे. मी आणि चुलत भावाने दोन रविवार ती उपसली. चेकबुकांची काउंटरफॉइल्स रबरबँडने बांधलेली, रबर वितळून कागदाला चिकटलेलं. १९८१ च्या एकावर काकांच्या अक्षरात इन्शुरन्स कंपनीचं नाव आणि खाली पेन्सिलीने पॉलिसी नंबर. कोपरा उंदराने खाल्लेला, पण नंबर शाबूत! मूळ पॉलिसी नसली तरी असा दुय्यम पुरावा चालतो. अकाउंटंटची खातेवही, जागेचं जुनं लीज, बँक लोनची फाईल (बँकेने बहुतेक वेळा इन्शुरन्सचं सर्टिफिकेट घेतलेलं असतं), ब्रोकरची पत्रं, कुणी दुकानात घसरून पडलं असेल तर तो जुना क्लेम, हे सगळं धुंडाळा. हेच काम करणारे लोकही तिकडे असतात, त्यांना इन्शुरन्स आर्किऑलॉजिस्ट म्हणतात. कंपनीचं नाव बदललं किंवा ती दुसरीत विलीन झाली असेल तर राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे विचारा.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: आधी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, मग खर्च करा. काकांनी घाबरून कन्सल्टंटला आधीच पैसे दिले आणि कंपनीने ते नाकारले, मला अजून वाईट वाटतं. जितक्या वर्षांच्या पॉलिसी सापडतील तितक्या सगळ्यांना नोटीस पाठवा, वकील तिथल्याच राज्यातला आणि पॉलिसीधारकाच्या बाजूने लढणारा घ्या.

कंपनी म्हणेल स्वतःच्या मालमत्तेचं नुकसान कव्हर नाही. पण भूजल तुमच्या कुंपणात थांबत नाही, म्हणून पाण्याचा रिपोर्ट सगळ्यात महत्त्वाचा. शिवाय जुन्या पॉलिसीत बचावाचा खर्च बऱ्याचदा लिमिटच्या बाहेर असतो, म्हणजे वकिलावर गेलेले पैसे सफाईच्या रकमेतून कापले जात नाहीत. न्यू जर्सीत रक्कम नुकसान चालू असलेल्या वर्षांवर वाटली जाते, कॅलिफोर्नियात एकाच कंपनीकडून तिच्या लिमिटपर्यंत सगळी मागता येते, त्यामुळे एकेक वर्षाचा कागद मोलाचा.

भोसरी किंवा कुरकुंभला युनिट असणाऱ्यांनी मात्र हे जसंच्या तसं धरू नका. आपल्याकडच्या पब्लिक लायबिलिटी पॉलिसी बहुतेक क्लेम्स-मेड असतात, क्लेम येतो तेव्हा पॉलिसी चालू असावी लागते. १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्याची सक्तीची पॉलिसी तर घातक रसायनांच्या अपघातात सापडलेल्या लोकांसाठी आहे, तुमची जमीन धुवायला नाही. तुमच्या पॉलिसीवर रेट्रोअॅक्टिव्ह डेट असते (तिच्या आधी घडलेलं कव्हर होत नाही) ती शोधा, रिन्यूअल एक दिवसही चुकवू नका, नाहीतर ती तारीख पुढे सरकू शकते आणि मागची वर्षं उघडी पडतात.