नोकरी गेली? नव्या कामाच्या प्रशिक्षणाचा पैसा घेताना या चुका टाळा

लोटे, महाड, तळोजा, नाहीतर थेट मुंबई. कंपनीला टाळं लागलं की चाकरमानी बॅग उचलून गावची गाडी पकडतो, आणि या खेपेला परतीचं तिकीट नसतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी कुडाळ परिसरात अशा लोकांचे अर्ज भरून देतो. माझा अनुभव असा, की बहुतेकांचा पैसा अर्ज करण्याआधीच हातचा गेलेला असतो.

राजीनाम्यावर सही

सगळ्यात महागडी चूक हीच. "राजीनामा लिहून दे, हिशेब लगेच देतो," असं एचआरवाला म्हणतो आणि माणूस सही करतो. कागदोपत्री तुम्ही स्वखुशीने नोकरी सोडलीत. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या मजुरीच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. प्रशिक्षण घेताना घर चालवायला तेवढाच आधार असतो. पण स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला ती मिळत नाही. (या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आणली आहे. सध्या चालू आहे का, ते महामंडळाच्या शाखेत आधी विचारा.)

दुसरं नुकसान कमी लोकांना माहीत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कामगार कपातीत गेला, तर मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराच्या दराने १५ दिवसांची मजुरी या निधीत भरायची, आणि कपातीपासून ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. ही रक्कम कपातीच्या भरपाईहून वेगळी. राजीनामा दिलेल्याला यातलं काही नाही. ठरावीक मुदतीच्या कराराची मुदत संपली, तर तीही कपात धरत नाहीत. म्हणून कपातीचं पत्र लेखी मागा. देत नसतील तर सही न करता कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. सही झाली असेल तर माझ्याकडे त्यावर औषध नाही. दबावाखाली घेतलेल्या सहीबद्दल वकील काय सांगतो ते बघा.

पैसे खंय गेले?

"काका, मेसेज इलो, पैशे खंय गेले?" हा प्रश्न मला दर महिन्याला ऐकू येतो. उत्तर बहुधा एकच: मुंबईच्या जुन्या पगार खात्यात. थेट लाभाची रक्कम आधार क्रमांकावरून येते, आणि ती शेवटच्या ज्या बँकेशी आधारची जोडणी नोंदली आहे तिथे जाते. अर्जात तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहा. शाखेत "आधार लिंक आहे" म्हणतात ते वेगळं, आणि लाभासाठीची जोडणी वेगळी. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे याच जोडणीची, स्थिती तपासा, मग गावच्या बँकेत संमतीचा फॉर्म भरून जोडणी इकडे आणा. हे काम प्रशिक्षण सुरू होण्याआधी उरका.

त्याच वेळी नावं जुळवून घ्या. आपल्याकडे कंपनीत आडनाव एक, रेशनकार्डावर दुसरं, आणि बायकांचं आधारवर माहेरचं नाव, हे घरोघरी आहे.

नसलेला धंदा दाखवणे

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत होडी बांधणारे, जाळी विणणारे आणि काथ्याकाम करणारेही येतात. प्रशिक्षणात रोजचे ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर. नीट वाचा, व्हाउचर; रोख नव्हे. योजना आधीपासून हाताने तो व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. केमिकल प्लांटमधला ऑपरेटर रातोरात सुतार झाला, तर पडताळणी ग्रामपंचायतीतच होते आणि तिथे सगळे त्याला ओळखतात. शिवाय एका कुटुंबातून एकच लाभार्थी. नवरा-बायको दोघांचे अर्ज भरू नका.

नवं काम शिकायचं असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बरी. शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत. "सीट बुक करायला" पैसे मागणारा दलाल भेटला तर त्याला चहाही पाजू नका.

मंजुरीआधी मशीन आणणे

काजू सोलायचं मशीन उधारीवर आणून मग पीएमईजीपीत (नवा उद्योग उभा करायला बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान देणारी केंद्राची योजना) अर्ज करणारे भेटतात. ही योजना नव्या युनिटसाठी आहे, आधीच उभं केलेलं चालत नाही. दुसरा गैरसमज, अनुदान हातात पडतं. ग्रामीण भागात महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के मिळतात. म्हणजे ८ लाखांच्या युनिटला २ लाख ८० हजार. पण ती रक्कम ३ वर्षं बँकेत ठेवीच्या रूपात अडकलेली असते आणि युनिट चालू असेल तरच कर्जात वळती होते. तोवर स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ४० हजार, तुम्हालाच घालायचे आहेत.

आणि सातबारा! जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, पण शेड कुठे उभी करणार हे बँक विचारणारच. सामाईक उताऱ्यावर तीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईत, काही वारलेली. हिस्सेदारांच्या संमतीपत्रावर सह्या घ्यायला गणपतीतले पाच दिवस वापरा. तेवढ्यात सगळे एकत्र सापडतात.

शेजारणीने केला म्हणून

शिवणकाम, ब्युटी पार्लर, मोबाईल दुरुस्ती: एका वाडीत तिघी शिकल्या की चौथीला गिऱ्हाईक नाही. कोर्स निवडण्याआधी बाजारात दोन दिवस फिरा आणि दुकानदाराला एवढंच विचारा, कुठल्या दुरुस्तीला माणूस मिळत नाही? इकडे उत्तर बऱ्याचदा फ्रीज-एसी, पंप किंवा होडीचं इंजिन असं येतं. इंजिनवाल्याला हंगामही फावतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तेव्हाच सगळ्यांना दुरुस्ती हवी असते. मात्र ते शिकायचं मार्चच्या आत.