घरातला जुना फोटो: आधी साल शोधा, मग डाग काढा

जुना फोटो हातात आला की हल्ली बहुतेक जण काय करतात तर मोबाईलने त्याचा फोटो काढतात, कुठल्यातरी ॲपमध्ये टाकतात आणि दोन मिनिटांत पणजोबा चकाचक होऊन फॅमिली ग्रुपवर. माझी कळकळीची विनंती आहे की थोडं थांबा, आधी फोटो कधीचा आहे ते शोधा. कारण कुठला ठिपका बुरशीचा आणि कुठला त्या बाईच्या हनुवटीवरचा गोंदणाचा, हे काळ आणि माणसं कळल्याशिवाय ठरवताच येत नाही, आणि एकदा पुसलेल्या कॉप्याच सगळीकडे फिरायला लागल्या की पुढच्या पिढीला ते गोंदण होतं हेसुद्धा कळणार नाही.

फोटो फ्रेममध्ये असेल तर उघडायच्या आधी पुढून-मागून मोबाईलने फोटो काढून ठेवा, मागचा ब्राऊन पेपर, बारीक खिळे, फ्रेमवाल्याचं लेबल सगळं. मग टॉर्च तिरका मारून काचेकडे बघा. जिथे फोटो काचेला चिकटलाय तिथे ओलसर, जास्त गडद असे डाग दिसतात. असं दिसलं तर ओढायचं नाही म्हणजे नाही, फोटोचा वरचा थर काचेवरच राहतो. चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करा आणि ओरिजिनल तसाच ठेवा, किंवा कागद-फोटो जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. आणि हे उद्योग पावसाळ्यात करू नका, दमट हवेत तो थर फुगून मऊ झालेला असतो, दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की उघडा.

आता साल. पहिली साक्ष कागदाची, कारण माणसं विसरतात पण कागद ज्या काळात बनतच नव्हता त्या काळातला असू शकत नाही. एक भिंग घ्या. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, रंग तपकिरी-जांभळट, उजळ भाग पिवळे पडलेले आणि भिंगातून कागदाचे धागे दिसतायत, तर तो बहुतेक अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे साधारण १८५५ ते १९०० मधला. आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती, त्यामुळे एवढा जुना फोटो सापडणं अशक्य नाही, पण सामान्य घरात दुर्मिळच. पुठ्ठा साधारण अडीच बाय चार इंच असेल तर ती व्हिजिटिंग कार्ड साईज, सव्वाचार बाय साडेसहा असेल तर कॅबिनेट, आणि ही कॅबिनेट साईज साधारण १८६६ नंतरची. धागे दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत आहे आणि तिरकं धरल्यावर कडेच्या काळ्या भागात निळसर चंदेरी चमक येते तर तो जिलेटिनचा फोटो, म्हणजे १८९० च्या आसपास किंवा नंतरचा, आणि आपल्या घरात सापडणारे बहुतेक ब्लॅक अँड व्हाईट फोटो याच जातीचे. मागे पोस्टकार्डासारखी छपाई असेल तर विसाव्या शतकाचा पहिला अर्धा भाग धरा. कातरलेल्या नागमोडी कडा म्हणजे साधारण चाळीस ते साठचं दशक. लहान चौकोनी प्रिंट असतील तर अग्फा क्लिक थ्री सारखा कॅमेरा, म्हणजे बहुतेक साठचं-सत्तरचं दशक. कागद प्लास्टिकसारखा वाटतो, फाडायला गेलं तर ताणतो (फाडू नका अर्थातच!) तर सत्तरच्या पुढचा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, भिंतीवर टांगलेला मोठा, छातीपर्यंतचा फोटो आणि त्यातला चेहरा एकाच सालचे असतील असं नाही. माणूस गेल्यावर ग्रुप फोटोतलं डोकं मोठं करून, कोट आणि उपरणं ब्रशने रंगवून असे फोटो स्टुडिओवाले सर्रास करून द्यायचे. गळ्याखाली सगळं जरा जास्तच रेखीव दिसलं, कोटाला एकही सुरकुती नसली की समजा हाच प्रकार, आणि मग कुठल्यातरी नातेवाईकाकडे मूळ ग्रुप फोटो असण्याची शक्यता आहे, तो शोधाच.

मागची बाजू नीट वाचा. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर फोटो (निदान तो शिक्का तरी) १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड आलाच तेव्हा. त्याआधी बॉम्बे ४, पूना २ असे आकडे असायचे. गोव्याकडचा फोटो असेल आणि नोव्हा गोवा लिहिलं असेल तर तो पोर्तुगीज अमलातला. कुणी शके लिहिलं असेल तर ७८ मिळवा, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९, नाहीतर एक वर्ष चुकतं. मराठवाड्यातल्या कागदावर फसली साल (निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष) असू शकतं, त्यात ५९० मिळवले की इसवी सनाच्या जवळ येता. मोडीत काही लिहिलं असेल तर अंदाजाने वाचू नका, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा तुमच्या गावात मोडी जाणणारं कुणीतरी नक्की भेटेल, त्यांच्याकडून वाचून घ्या.

कपड्यांवरून साल काढताना सगळे जण म्हाताऱ्या माणसांकडे बघतात, पण पणजी तिच्या तरुणपणीचीच फॅशन आयुष्यभर करणार. बघायचं ते फोटोतल्या सगळ्यात नव्या सुनेकडे आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे. सासू नऊवारीत आणि सून सहावारी गोल पातळात असेल तर शहरातल्या घरात तीस-चाळीसच्या दशकाचा वास येतो, खेड्यात हाच बदल बराच उशिरा. पगडी जाऊन टोपी आलेली असते, आणि पांढरी गांधी टोपी दिसली तर १९२० च्या आधी जायचं कारण नाही. भिंतीवर कालनिर्णय दिसलं तर १९७३ किंवा पुढे, तारीख वाचता आली तर काम तिथेच संपलं. तिरंग्यावर चरखा आहे की चक्र तेही बघा, चक्र जुलै १९४७ पासून.

हे सगळं झालं तरी दहा-पंधरा वर्षांचा पट्टा उरतोच, तो आवळायचा माणसांवरून. आमच्या आत्याकडे सांगलीला पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक ग्रुप फोटो आहे, आठ माणसं, पणजी मध्ये खुर्चीत, तिच्या मांडीवर बाळ. बाळ म्हणजे थोरले काका एवढं आत्याला माहीत होतं. काकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३०. आता १ जून ही तारीख किती महाराष्ट्रीय माणसांची वाढदिवसाची तारीख आहे ते सांगायला नको, शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली! म्हणून पत्रिका काढली, त्यात निघाला फाल्गुन शके १८५२, म्हणजे १९३१ चा फेब्रुवारी-मार्च. बाळ बसलंय, दात दिसतायत, म्हणजे निदान आठ-नऊ महिन्यांचं, म्हणून फोटो १९३१ च्या शेवटापासून पुढे. दुसरी बाजू पणजीच्या कपाळावरून मिळाली. पणजोबा फोटोत नाहीत म्हणून सगळे समजत होते की ते आधीच गेले, पण पणजीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे, त्या काळात आमच्या घरात याचा अर्थ एकच, पणजोबा हयात होते, फक्त फोटोच्या दिवशी गावात नसावेत. ते गेले १९३३ च्या उन्हाळ्यात. झालं, १९३१ अखेर ते १९३३ उन्हाळा, दीड वर्षाचा पट्टा, आणि एका माणसाबद्दलचा घरातला समजही दुरुस्त झाला. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत तुमच्या घराण्याच्या नोंदी असतील तर त्यांचाही खूप उपयोग होतो, कोण कधी आलं आणि तेव्हा मुलं किती होती हे तिथे सापडतं.

आणि हे सगळं विचारायला आज जी म्हातारी माणसं आहेत त्यांच्याकडे लगेच जा. फोटो दाखवताना "हे कोण?" एवढंच नका विचारू, "यात कोण नाहीये आणि का नाहीये?" हे विचारा, त्याने माणसं बोलती होतात. रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांना सांगून.

आता दुरुस्ती. सगळ्यात आधी, मूळ फोटोवर काहीही करायचं नाही. ओला कपडा नाही, कोलीन नाही, फेव्हिकॉल नाही, सेलोटेप तर अजिबात नाही, आणि लॅमिनेशन म्हणजे फोटोचा कायमचा शेवट, कारण ते उष्णतेने चिकटतं आणि परत निघत नाही. मऊ कोरड्या ब्रशने हलकी धूळ झाडा, तेही वरचा थर सुटत नसेल तरच, बाकी सगळं कॉम्प्युटरवर.

स्कॅन फ्लॅटबेड स्कॅनरवर करा, फोटो ब्लॅक अँड व्हाईट असला तरी कलर मोडमध्येच, ऑटो करेक्शन सगळं बंद, फाईल टिफमध्ये. मोठ्या फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला इतके ठिपके) पुरे, छोट्याला १२००. हिशोब सोपा आहे, अडीच बाय चार इंचाचा फोटो १२०० ला स्कॅन केला की ३००० बाय ४८०० पिक्सल मिळतात, ३०० ला छापलं तर दहा बाय सोळा इंच. मागची बाजूही स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, ऊन थेट पडत नाही अशा जागी, फ्लॅश बंद, मोबाईल फोटोला अगदी समांतर, जरा लांबून दुप्पट झूमवर. काचेत प्रतिबिंब येत असेल तर मोबाईलच्या मागे काळी चादर धरायला कुणालातरी उभं करा.

कलरमध्ये स्कॅन करायला का सांगतोय ते आता. आपल्याकडे फोटोला हळद-कुंकू लावतात, काच फुटलेली असली की ते थेट फोटोवर लागतं. असा स्कॅन गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा (फुकट आहे), रंगीत फोटो ज्या तीन रंगांच्या थरांनी बनतो ते लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल वेगळे करून बघा. निळ्या चॅनलमध्ये हळदीचा आणि कुंकवाचा डाग काळाकुट्ट दिसेल आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ गायब! मग लाल चॅनलच घेऊन पुढे काम करायचं, डागाखालचा चेहरा एकही ब्रश न मारता परत येतो. निळ्या शाईची रेघ असेल तर उलट, निळा चॅनल बघा. आणि फोटो डागाळलेला नसून नुसताच पिवळा पडून फिकट झाला असेल तर बहुतेक वेळा निळ्या चॅनलमध्येच जास्त तपशील उरलेला सापडतो. हे मला आजही बघताना छान वाटतं.

त्यानंतर लेव्हल्स किंवा कर्व्हज (उजळ-गडदपणा कमीजास्त करायची साधनं) हलक्या हाताने, मग नव्या लेयरवर, म्हणजे मूळ चित्राच्या वरच्या वेगळ्या थरावर, हील आणि क्लोन टूल (शेजारचा भाग घेऊन डाग भरणारी साधनं). आधी आकाश, पडदा, भिंत, जमीन, शेवटी कपडे, आणि चेहऱ्याला अगदी शेवटी, तेही शंभर टक्के झूमवर. कसरीने खाल्लेले भाग वेड्यावाकड्या कडांचे असतात, बुरशीचे ठिपके माणूस सोडून मागच्या पडद्यावरही पसरलेले असतात. गोंदण मात्र फक्त कातडीवर असतं आणि ठरलेल्या जागी असतं, कपाळ, हनुवटी, हात. ठिपका पुसायच्या आधी हे तपासा. देवीचे व्रण, कानातली बुगडी, नथीचा मोती, हे सगळं ऑटोमॅटिक टूलला कचरा वाटतं, त्यामुळे "डाग काढा" असं एक बटण दाबून मोकळं होऊ नका.

एआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फाटलेला पडदा, खुर्चीचा पाय भरून काढायला वापरा, चेहऱ्याला नको. अस्पष्ट चेहरा ते साफ करत नाही, त्या जागी एक नवीन चेहरा बनवतं, तो नीटनेटका असतो पण तुमच्या आजीचा नसतो. रंग भरण्याचंही तसंच. १९३० च्या आसपासपर्यंत स्टुडिओत फोटो घ्यायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून लाल लुगडं फोटोत काळं येतं, कुंकू काळं येतं, गव्हाळ माणूस सावळा येतो आणि निळं पांढरट दिसतं. त्यावर ॲप जे रंग टाकतं ते निव्वळ मनाचे. तरी हौसेने केलंत तर फाईलच्या नावात "रंग अंदाजाने" असं लिहा, नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी तोच पुरावा म्हणून धरेल.

ठेवण्याचं बोलायचं तर भिंतीवर लावायची ती नवीन प्रिंट. मूळ फोटो ॲसिड-फ्री कागदाच्या पाकिटात, घरातल्या कोरड्या कपाटात, माळ्यावर नको, बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला लागून नको, डांबराच्या गोळ्या नकोत. ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम असतील तर त्यातले फोटो बाहेर काढायचेत, पण नखाने उचकटून नाही, मेण नसलेला दातांचा फ्लॉस फोटोखालून हळूहळू करवतीसारखा सरकवा, आणि निघत नसेल तर पान तसंच स्कॅन करा.

नावं लिहायची तर मागे कडेला मऊ पेन्सिलने, दाब न देता, पेनने कधीच नाही. प्लास्टिकच्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा, फोटो आत टाकायच्या आधी. फाईलचं नाव असं ठेवा की त्यात सालांचा पट्टा, गाव, डावीकडून उजवीकडे नावं आणि ही माहिती कुणी सांगितली ते येईल. न सुधारलेला स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याची एक कॉपी हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे, आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढा १२०० डीपीआयचा स्कॅन तिथे दाबून बारीक होतो.