फिश फाइंडरसाठी वेगळी बॅटरी घेताय? या चुका टाळा

सेल्फ मारला की फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) बंद पडून पुन्हा सुरू होतो, ही फायबर होडीवाल्यांची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं. यंत्र इंजिनच्याच बॅटरीवर असतं; स्टार्टर करंट ओढतो, व्होल्टेज क्षणभर 10च्या आसपास उतरतो आणि स्क्रीन जाते. वेगळी बॅटरी हाच यावरचा खरा उपाय, पण निवडताना गफलती होतात.

स्वस्त म्हणून 7 एएच

यूपीएसची 12 व्होल्ट 7 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) बॅटरी कुठेही मिळते, म्हणून तीच आणली जाते. आधी हिशेब करा. यंत्र 1 अँपिअर घेत असेल (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो), तर 10 तासांना 10 एएच लागतात. लेड ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे घ्यायची 20 एएचची. त्याच बॅटरीवर व्हीएचएफ रेडिओ असेल, तर तो 25 वॉटवर बोलताना 5-6 अँपिअर खातो. चॅनल 16 वर, म्हणजे संकटकाळच्या चॅनलवर, मदत मागायची वेळ येईल तेव्हा बॅटरीत जीव हवाच. इथे काटकसर नको.

फक्त 'लिथियम' वाचून खरेदी

परवडत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी घ्या. वजनाला हलकी, 80 टक्के सहज वापरता येते, व्होल्टेजही जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो. साध्या लिथियम-आयनचा चार सेलचा पॅक मात्र पूर्ण चार्ज झाल्यावर 16.8 व्होल्ट देतो. तुमच्या यंत्राची कमाल मर्यादा त्याहून कमी असेल तर ते जळू शकतं. एलएफपीला चार्जरही तिचाच लावा.

वेगळी घेऊन पुन्हा जोडणं

चार्जिंगच्या सोयीसाठी काही जण ती इंजिनच्या बॅटरीला थेट समांतर जोडतात. मग वेगळी घेऊन उपयोग काय? लेड ॲसिड आणि लिथियम तर असे कधीच जोडू नका.

तरीही त्रास होतोय?

यंत्र चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवर आणि यंत्राच्या प्लगपाशी व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला, तर वायर बारीक आहे किंवा जोडावर हिरवा गंज चढलाय. खाऱ्या हवेत कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायरच टिकते. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ हवा.

स्क्रीनवर रेघा येत असतील तर इंजिन बंद करून बघा. रेघा गेल्या, तर ट्रान्सड्यूसरची (पाण्यात ध्वनिलहरी सोडणाऱ्या सेन्सरची) केबल इंजिनच्या वायरिंगपासून लांब, होडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.