अर्जुनसालीचा क्षीरपाक

क्षीरपाक म्हणजे औषधी दूध-पाण्यात उकळून, दुधाएवढा उरेपर्यंत आटवलेला काढा. अर्जुनसालीचा क्षीरपाक आयुर्वेदात हृदयासाठी देतात. अर्जुन हे ओढ्याकाठचं, नदीकाठचं झाड. सोलापुरात बहुतेकांच्या घरी त्याची साल काष्ठौषधींच्या दुकानातूनच येते. तयार पूड घेऊ नका, तुकडे मागा. पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. खरी साल बाहेरून गुळगुळीत, करडी-पांढरट असते, आतून तांबूस आणि चवीला चांगली तुरट. काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दिसली तर ती बहुधा ऐनाची, अर्जुनाच्याच भावकीतल्या झाडाची.

शेतात अर्जुन असेल तर एका बाजूनेच उभी पट्टी काढा. खोडाभोवती गोल साल सोलली की अन्नरस मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड वाळतं.

साल खलबत्त्यात जाड रव्याएवढी भरड करा. मैद्यासारखी बारीक केलीत तर ती तळाशी बसून करपते, फडक्यातून गाळतानाही खाली उतरते.

प्रमाण जुनंच: सालीच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी. म्हणजे ५ ग्रॅम भरड, ४० मिली दूध, १६० मिली पाणी. अरुंद स्टीलचं पातेलं घ्या. लोखंडी नको, सालीतल्या टॅनिनमुळे, म्हणजे तुरट द्रव्यामुळे, काढा काळा पडतो. आधी नुसतं दूध ओतून त्यात स्वच्छ काडी उभी धरा आणि ओल जिथवर चढली तिथे खूण करा. मग पाणी आणि भरड घाला. मंद आचेवर, अधूनमधून ढवळत, काडीच्या खुणेपर्यंत आटवा. अर्धा तास तरी धरून चाला. घाई करून गॅस मोठा केला की दूध उतू जातं नाहीतर तळाला लागतं. दूध ताजंच हवं. उन्हाळ्यात सकाळचं बाहेर राहिलेलं दूध हमखास फाटतं. गाळून कोमट असतानाच प्या, उरवून ठेवू नका.

किती दिवस घ्यायचा ते वैद्याला विचारून ठरवा. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. चालू गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. लोहाची गोळी असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा, टॅनिन लोह शोषू देत नाही. काहींना यानं मलावरोध होतो. आणि छातीत दुखून घाम फुटला, डावा हात भरून आला, तर पातेलं चढवत बसू नका. तडक १०८ ला फोन लावा.