गॅपनंतर परत कॉलेज करायचंय, पैशाचं कसं जमवायचं ते सांगते

माझं एसवाय बीकॉम, म्हणजे दुसरं वर्ष झालं आणि लग्न ठरलं, टीवाय म्हणजे शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. बारा वर्षांनी परत शिकायचं काढलं तेव्हा घरात पहिला प्रश्न एकच, फी कोण भरणार. मग मी काय केलं, तर मोबाईलवर नुसत्या स्कॉलरशिपा शोधत बसले, दोन महिने गेले त्यात आणि हातात काही नाही. चूक ही झाली की आधी अ‍ॅडमिशन कुठे आणि कशी घेणार ते ठरवायचं असतं, पैशाचा नंबर त्याच्यानंतर. कारण आपल्याकडच्या योजना तुम्ही हुशार आहात का ते नंतर बघतात, आधी बघतात की कोर्स रेग्युलर का डिस्टन्स, प्रोफेशनल का साधा, अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून (सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीतून) का थेट, आणि गॅप नेमका कुठे पडलाय.

गॅपचं नीट समजून घ्या, इथेच बरेच जण अडकतात. गॅप दोन प्रकारचा असतो, कोर्स सुरू व्हायच्या आधीचा आणि कोर्सच्या मध्येच पडलेला. बारावीनंतर चार वर्षं घरी होतात आणि आता फर्स्ट इयरला चाललात तर बऱ्याच ठिकाणी गॅपचं प्रतिज्ञापत्र दिलं की काम होतं. पण माझ्यासारखं अर्धं सोडलेलं पूर्ण करायचं असेल तर गोष्ट वेगळी. ओपनवाले ज्याला ईबीसी म्हणतात ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, तिच्यात कोर्स चालू असताना दोन वर्षं किंवा जास्त गॅप पडलेला चालत नाही. शिवाय घरातल्या दोनच मुलांना लाभ. म्हणजे जुनं टीवाय पूर्ण करणं स्वस्त वाटतं खरं, पण कधीकधी नवीन कोर्सला पहिल्यापासून गेलेलं पैशाच्या हिशोबात बरं पडतं. दोन्ही आकडे कागदावर मांडून बघा.

मुलींनी आणि बायकांनी तर हे नक्की बघा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, अट ही की अ‍ॅडमिशन कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. प्रोफेशनल म्हणजे फक्त इंजिनीअरिंग नाही हो, लॉ आहे, बीएड आहे, आणि बीबीए-बीसीएला पण २०२४ पासून सीईटी लागते. माझी नणंद बारावीनंतर तीन वर्षं दुकानात कामाला होती, सीईटी देऊन बीसीएला लागली ती याच्यावरच.

एससी-एसटीसाठी मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. हॉस्टेलला नंबर लागला नाही तर एससी आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, एसटीसाठी स्वयंम आणि ओबीसी वगैरेंसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, यात राहण्याजेवणाचे पैसे खात्यावर येतात. एक लक्षात ठेवा, एकदा शिष्यवृत्ती घेऊन बीए केलं असेल तर परत बीकॉमसाठी तीच मिळत नाही, एका पातळीला एकदाच.

अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाईटवर. त्याच्याआधी दाखले, आणि दाखल्यांसाठी जूनची वाट बघू नका, तेव्हा सेतूत उभं राहायला जागा नसते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन क्रिमीलेअर (मागासवर्गातल्या सधन गटात मोडत नाही याचा दाखला), जुन्या मार्कशीटा, टीसी. दाखल्यासाठी तहसीलमध्ये द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, कुणी पाचशेचा स्टॅम्प आणा म्हणालं तर का ते विचारा. लग्न झालेल्यांचा गोंधळ हमखास होतो तो असा, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत नोकरी नसलेल्या विवाहितेच्या बाबतीत नवऱ्याचं उत्पन्न धरतात, पण नॉन क्रिमीलेअर आईवडिलांवरून ठरतं, नवऱ्यावरून नाही. म्हणजे एकाच फाईलसाठी सासरचे पण कागद आणि माहेरचे पण. आणि नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा मॅरेज सर्टिफिकेटच्या चारपाच झेरॉक्स काढूनच ठेवा.

आता आधार. नणंदेचा अर्ज मंजूर दाखवत होता आणि खात्यावर मात्र काहीच नाही, बँकेत गेलो तर म्हणाले आधार लिंक आहे. लिंक होतंच, पण सीडिंग नव्हतं! केवायसीला आधार दिलेलं वेगळं आणि डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यावर येणारे पैसे यायला सीडिंग केलेलं वेगळं, आणि सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, जे शेवटचं केलं त्याला. तिचे पैसे शाळेत असताना उघडलेल्या एका खात्यात जाऊन बसले होते, त्याचं पासबुक सुद्धा घरात नव्हतं. तुम्ही अर्ज भरायच्या आधी माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मी स्वतः मात्र वेगळ्या वाटेने गेले. रोज कॉलेजला जाणं शक्यच नव्हतं, म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला पहिल्यापासून बीकॉम धरलं. वरच्या बऱ्याच योजना डिस्टन्सला लागू नाहीत हे धरूनच चाला, पण फीच इतकी कमी असते की मी बचत गटातून कर्ज काढलं आणि चार महिन्यांत फेडलं. इग्नूत, म्हणजे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात, एससी-एसटीला काही कोर्सना फी माफी आहे, फॉर्म भरतानाच टिक करावं लागतं. रेग्युलर करणाऱ्यांनी कमवा आणि शिका आहे का विचारा, कर्मवीर भाऊराव पाटलांची ही जुनी वाट अजून चालू आहे, पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत आहे, त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेत तर आहेच. लायब्ररीत नाहीतर ऑफिसात तासांवर काम, पैसे थोडे पण प्रवासखर्च सुटतो.

कर्ज सगळ्यात शेवटी. बँकांच्या मॉडेल योजनेत ४ लाखांपर्यंत मार्जिन (खर्चातला आपल्या खिशातला वाटा) भरावं लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतो, व्याज मात्र आधीपासून चढत असतं. पीएम विद्यालक्ष्मीत उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती ठरलेल्या रँकिंगमधल्या कॉलेजांनाच, तालुक्याच्या कॉलेजचं नाव त्यात असेल या भरवशावर राहू नका, आधी यादी बघा. गॅपचं कारण बँक विचारतेच, नोकरी केली असेल तर अनुभवाचं पत्र सोबत न्या.

अर्ज भरून झाला की आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघत जा. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग सरकारी खात्याकडे, आणि कुठूनही 'सेंड बॅक' होऊ शकतो, त्याचा मेसेज येईलच असं नाही. आमच्यावेळी फक्त उत्पन्नाचा दाखला उलटा स्कॅन झाला म्हणून परत आला होता, मुदतीच्या तीन दिवस आधी दिसला, आणि त्या कॉलेजच्या क्लार्कबाई नेमक्या रजेवर.