प्लास्टर निघालं, पण कोपर आखडला

खानापूरच्या पावसात शेताच्या बांधावरून घसरले आणि उजव्या कोपराचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात सरळ होईना, घासही तोंडापर्यंत पोचेना. गावात जो तो सांगायचा, तेल लावून जोरात चोळ, कुणाकडून तरी ओढून घे. बेळगावच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी नेमकं तेच बंद केलं. कोपर ओढला-चोळला तर भोवतीच्या स्नायूत हाड तयार होऊ शकतं, मग सांधा आणखीच अडकतो. (हे गावात कुणाला पटेल तर शपथ!)

आधी शेक. मग हात टेबलावर टेकवून आपल्याच जोरावर वाकवायचा, सरळ करायचा, टोकाला जरा थांबायचं. तळहात वर-खाली फिरवणं वेगळं. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा. ताण जाणवला तर चालेल. दुखणं रेंगाळलं तर पुढच्या खेपेला कमी. खांदा आणि बोटंही हलती ठेवायची.

कोपर किती वाकतो त्याचा कोन ताई मोजायच्या; हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश. रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 अंश पुरतात, त्यामुळे पूर्ण सरळ होण्याचा हट्ट मी सोडला. आधी जेवण जमलं, वेणी बरीच नंतर. आता भाकरी थापते. करंगळीला मुंग्या यायला लागल्या तर मात्र व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.