गोदामाचा नकाशा मामांच्या डोक्यात होता

उदगीरला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. पुढे दुकान, मागे ४० बाय ६० फुटांचं पत्र्याचं गोदाम. कुठला माल कुठे आहे हे फक्त मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ठाऊक असायचं. एका जूनमध्ये नेमकं पेरणीच्या तोंडावर त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं कृषी खातं सांगतं, त्यामुळे सगळे थांबलेले असतात आणि तेवढा पडला की अख्खा तालुका एकदम दारात येतो. मामा दवाखान्यातून फोनवर सांगत होते, "परवा आलेल्या युरियाच्या पलीकडं, खांबामागं बघ." परवा काय आलं हे मला कुठे माहीत!

रब्बीच्या आधी मी गोदाम नव्याने लावायला घेतलं. तुमचा माल दुसरा असला तरी कामाची रीत तीच.

आधी पोत्याला हात लावू नका, बिलबुकं काढा. मागच्या हंगामातल्या गर्दीच्या आठ दिवसांची बिलं घेऊन बसा आणि प्रत्येक वस्तू किती बिलांवर आली तेवढंच मोजा. रुपये नाही, वजन नाही, फक्त किती वेळा आत जावं लागलं. मला वाटलं होतं डीएपी खत पहिलं येईल. निघालं भलतंच: बीजप्रक्रियेची, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला चोळायची पाकिटं. थायरम, रायझोबियम, ट्रायकोडर्मा. सोयाबीनच्या जवळजवळ प्रत्येक बिलावर ती होती, आणि ठेवलेली कुठे? मागच्या भिंतीला, सगळ्यात वरच्या फळीवर. पोरगं दर गिऱ्हाइकाला शिडी चढत होतं. दोन बॅगा बियाणं आणि तीन पाकिटं एवढ्या बिलासाठी मी त्याची पावलं मोजली होती, १३० भरली. आता पाकिटं बियाण्याच्या थप्पीशेजारी, कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. जे बिलावर जोडीनं येतं ते गोदामातही जोडीनं ठेवायचं. फक्त रायझोबियम आणि ट्रायकोडर्मा म्हणजे जिवाणू आणि बुरशी, जिवंत माल आहे, तापलेल्या पत्र्याखाली मरतो. म्हणून तो सावलीच्या बाजूला, रासायनिक पाकिटांपासून वेगळ्या कप्प्यात.

मग जड माल. खत दारातच, कारण युरियाचं ४५ किलोचं आणि डीएपीचं ५० किलोचं पोतं एकदा उतरवून पुन्हा हलवायचं म्हणजे दुप्पट हमाली. ट्रक जिथे मागे लागतो तिथेच शेतकऱ्याचा ट्रॅक्टरही लागतो, मग पोतं आत नेऊन परत बाहेर का आणायचं? मधली वाट किती रुंद ठेवायची हे फुटपट्टीनं ठरवू नका. भरलेली हातगाडी घ्या, वळवून बघा, जिथपर्यंत कोपरा येतो तिथे खडूनं रेघ मारा. आमची रेघ सहा फुटांवर आली. "एवढी जागा वाया!" म्हणून मामा दोन दिवस बोलले नाहीत. खताखाली लाकडी पॅलेट हवेच, आणि थप्पी भिंतीपासून दीड फूट लांब. युरिया ओल ओढतो आणि श्रावणात त्याचे धोंडे होतात.

सोयाबीनच्या बियाण्याशी मात्र खतासारखं वागता येत नाही. त्याचं साल पातळ. बॅग उंचावरून आदळली किंवा वर फार ओझं आलं की आतलं बी दुखावतं आणि उगवण घसरते. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. एका वर्षी जागा वाचवायला आम्ही बारा थर लावले होते. तळातल्या बॅगा नेलेल्या दोघांचं रान विरळ उगवलं. ते शेतकरी दुकानात येऊन काहीच न बोलता उभे राहिले, ते भांडले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून सहा थर, सातवा नाही.

तणनाशक बियाण्याच्या खोलीत ठेवूच नका, विशेषतः टू-फोर-डी. त्याच्या वाफेनं बियाण्याची उगवण बिघडू शकते. फवारणीची सगळी औषधं वेगळ्या, कुलुपाच्या खोलीत. त्यातही पातळ औषध खालच्या फळीवर आणि भुकटी वर, म्हणजे बाटली गळली तरी खालचं खराब होत नाही. मुदत संपलेल्या मालाला वेगळा कोपरा आणि "विक्रीसाठी नाही" अशी पाटी. तपासणीला आलेले साहेब आधी तेच बघतात.

पत्ते देणं हे सगळ्यात सोपं काम निघालं. रांगेला अक्षर, रॅकला आकडा, फळीला आकडा: क-३-२. ऑइल पेंटनं मोठं लिहा, कागद चिकटवला तर पावसाळ्यात गळून पडतो. बिलावर वस्तूसमोर पत्ता लिहायची सवय लावा.

जुना माल आधी जावा म्हणून एका मोठ्या थप्पीऐवजी दोन अर्ध्या थप्प्या लावतो. नवा लॉट आला की दुसरीत. पहिली संपेपर्यंत दुसरीला लाल सुतळी बांधलेली असते, ती फक्त मी सोडते. हरभरा-करडईसाठी ऑक्टोबरमध्ये आणि खरिपासाठी मे महिन्यात पुढची रांग बदलावी लागते. त्यासाठी एक कोपरा कायम रिकामा हवा, नाहीतर हलवायला जागाच उरत नाही.

सगळं लावून झालं की गोदामात कधीच न आलेल्या माणसाच्या हातात पाच बिलं द्या आणि गप्प बसा. तो जिथे अडखळेल तिथली मांडणी चुकली. आमच्या नव्या पोरानं पाचही बिलांचा माल न विचारता काढला आणि मग विचारलं, "काकू, चहाचा थर्मास कुठल्या रांगेत?" तो गोदामात नसतोच, काउंटरच्या मागे असतो. औषधाच्या खोलीजवळ आम्ही पाणीसुद्धा पीत नाही.